काय करायला हवं ते कळतंय पण करता येत नाहीये, अशा वेळी काय करायचं? वॉर्डात काम करणाऱ्या सगळ्यांसाठी

ड्युटी संपते, हँडओव्हर देऊन होतो, घरी येऊन अंघोळ करून आडवं पडलं तरी एक बेड डोक्यातून जात नाही. आपल्या हातून चूक झाली म्हणून नाही, त्या पेशंटसाठी काय करायला हवं होतं ते स्वच्छ कळत होतं आणि ते करता आलं नाही म्हणून. कधी कधी तर जे नको वाटत होतं तेच आपल्या हातांनी करावं लागलेलं असतं. याला मॉरल डिस्ट्रेस म्हणतात. अँड्र्यू जेमटन या अमेरिकन फिलॉसॉफरने १९८४ मध्ये नर्सेसबद्दल लिहिताना ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली, की योग्य काय ते माणसाला माहीत असतं पण संस्थेच्या, सिस्टिमच्या अडचणींमुळे ते करणं जवळपास अशक्य होऊन बसतं. नंतर कळत गेलं की हे फक्त नर्सेसचं नाही, रेसिडेंट डॉक्टर, कन्सल्टंट, फार्मासिस्ट, फिजिओ, सोशल वर्कर, अँब्युलन्सवाले, सगळ्यांनाच हे होतं.

यावर बहुतेक ठिकाणी मिळणारा सल्ला म्हणजे मेडिटेशन करा, छंद जोपासा, पॉझिटिव्ह राहा. त्यात वाईट काही नाही पण त्याने मूळ गोष्ट तशीच राहते. माझं म्हणणं असं आहे की हा त्रास कुठेतरी काहीतरी अडलंय म्हणून होतो, तेव्हा आधी ती अडलेली जागा शोधा आणि ती जितकी बारीक करून सांगता येईल तितकी सांगा. सहन करायची ताकद वगैरे त्याच्या नंतर. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी हेच आहे का ते बघा

थकवा, बर्नआउट आणि हे एकमेकांत मिसळलेलं असतं पण उपाय वेगवेगळे आहेत म्हणून वेगळं करून बघावं लागतं. स्वतःला एक प्रश्न विचारा, चांगली आठवडाभर सुट्टी मिळाली तर हे जाईल का? जाईल असं वाटत असेल तर तो बहुतेक थकवा आहे, झोप काढा, ड्युटी रोस्टरवर भांडा. बर्नआउटची व्याख्या डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये दिली त्यात तीन गोष्टी आहेत, पूर्ण रिकामं झाल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनातून दूर जाणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपण काही कामाचे नाही असं वाटणं. ते सगळ्या कामावर पसरलेलं असतं. मॉरल डिस्ट्रेसला मात्र चेहरा असतो. एक पेशंट असतो, एक प्रसंग असतो आणि मनात एक वाक्य असतं, "याच्यासाठी अमुक व्हायला हवं होतं." सुट्टीवर गेलात तरी ते वाक्य सोबत येतं.

काय योग्य हेच कळत नसेल, दोन्ही बाजू खऱ्या वाटत असतील, तर तो डायलेमा आहे आणि तिथे चर्चा, एथिक्स कमिटी, सीनियरचा सल्ला याने खरंच उत्तर मिळू शकतं. आणि आपल्या हातून चूक होऊन पेशंटला इजा झाली असेल तर तो अजून वेगळा विषय, त्यासाठी वेगळा आधार लागतो, तो इथे घेत नाही.

अंगावर कसं दिसतं? त्या खोलीत जायचं टाळणं, औषध देऊन पटकन बाहेर येणं, नातेवाईकांशी तुटक बोलणं, त्या कन्सल्टंटचा राउंड आला की पोटात गोळा, ड्युटीच्या आदल्या रात्री झोप न लागणं, क्षुल्लक गोष्टीवरून ज्युनियरवर ओरडणं. यातलं नातेवाईकांशी तुटक बोलणं सगळ्यात आधी सुरू होतं असं माझं निरीक्षण आहे, आणि ते स्वतःला दिसत नाही, शेजारच्याला दिसतं. म्हणून ड्युटीवरच्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा की माझं असं दिसलं तर बाजूला घेऊन सांग.

अडलंय कुठे ते कागदावर काढा

चार ओळी लिहायच्या. काय दिसलं. माझ्या मते काय व्हायला हवं होतं आणि का. ते कशामुळे होत नाहीये. आणि ते कोणाच्या हातात आहे. पेशंटचं नाव, बेड नंबर, ओळख पटेल असं काही त्यात नको, आणि हे व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको.

आता एक उदाहरण घेऊ, असे पेशंट प्रत्येक आयसीयूत असतात. वयस्कर बाई आहेत, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर, किडनी गेलीये म्हणून डायलिसिस चालू, पाठीला सतत पडून राहून झालेली जखम, म्हणजे बेडसोअर, हाडापर्यंत गेलेली. ड्रेसिंगसाठी कुशीवर वळवलं की कपाळावर आठ्या पडतात आणि हात बेडची रेलिंग घट्ट धरतो. मुलगा रोज भेटायच्या वेळेत येऊन विचारतो, "सिस्टर, आज आई बरी आहे ना?" आणि त्याला उत्तर मिळतं, स्टेबल आहे. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरच्या मनात पहिलं वाक्य येतं ते असं, "उगाच हाल चाललेत हिचे." ते वाक्य खोटं नाही पण त्याचं पुढे काही करता येत नाही, ते घेऊन कोणाकडे गेलं तर वाद होईल किंवा "सिस्टर, इमोशनल होऊ नका" ऐकायला मिळेल.

तेच चार ओळीत लिहायला बसलं की वेगळं दिसायला लागतं. ड्रेसिंगच्या वेळी दुखतंय, हे दिसलं. पेनकिलर एसओएस लिहिलंय, म्हणजे गरज पडली तरच द्यायचं, ड्रेसिंगच्या आधी ठरवून दिलं जात नाही. मुलाला पुढे काय होऊ शकतं हे कोणी बसून सांगितलेलं नाही, कारण किडनीवाले किडनीबद्दल बोलून जातात, छातीवाले छातीबद्दल, आणि पूर्ण बाईबद्दल कोणीच बोलत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस किती दिवस चालू ठेवायचं हे ठरलेलं नाही. म्हणजे एका मोठ्या गोळ्याचे तीन तुकडे झाले. पहिला आजच्या आज सुटू शकतो, एका ऑर्डरचा प्रश्न आहे. दुसरा या आठवड्यात, एक फॅमिली मीटिंग लागेल. तिसरा एकट्या सिस्टरच्या हातातच नाही आणि तो तिने एकटीने खांद्यावर घेऊन फिरायची गरजही नाही. बाईंची तब्येत तीच आहे, पण आता हातात करण्यासारखं काहीतरी आहे.

लिहिताना एक तपासून बघा, आपल्याला सगळं माहीत आहे का? कदाचित त्या बाईंनीच आधी सांगितलं असेल की शेवटपर्यंत सगळं करा. कदाचित कन्सल्टंटकडे एखादा रिपोर्ट असेल जो तुमच्यापर्यंत आलेला नाही. म्हणून पहिली पायरी नेहमी विचारायची, आरोप करायची नाही. आणि पेशंटची स्वतःची इच्छा कळत असेल तर ती आपल्या मतापेक्षा वर, ती आपल्याला पटो न पटो.

बोलायचं कसं

इथे सगळ्यात जास्त माणसं अडकतात, कारण हॉस्पिटलमध्ये वर बोलायची सवय कोणाला लावलेलीच नसते. वेळ आधी मागा. राउंडमध्ये दहा जणांसमोर "सर, हे चुकतंय" म्हटलं की समोरचा माणूस स्वतःला वाचवायला लागतो, पेशंट बाजूला राहतो. त्याऐवजी, "सर, बेड सहाच्या आजींबद्दल पाच मिनिटं बोलायचंय, राउंड झाल्यावर थांबाल का?" मग जे दिसलं ते आणि जे हवंय ते, एकामागोमाग. "ड्रेसिंगच्या वेळी त्यांना खूप दुखतंय, पल्स १३० पर्यंत जाते, रेलिंग धरून ठेवतात. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी पेनकिलर लिहून द्याल का? आणि मुलाशी अजून कोणी सविस्तर बोललेलं नाही, सगळ्या टीम मिळून एकदा बसू शकतो का, मी त्याला वेळ देऊन बोलावते." यात कोणावर बोट नाही, आणि उत्तर हो किंवा नाही असंच द्यावं लागतं. गुळमुळीत मागणी केली की गुळमुळीत उत्तर मिळतं, "बघू".

तातडीची, सेफ्टीची गोष्ट असेल तर वेळबिळ मागायची नाही. टीमस्टेप्स नावाचं जे टीमवर्कचं ट्रेनिंग आहे त्यात तीन पायऱ्यांची वाक्यं शिकवतात आणि ती खरंच कामाची आहेत. पहिलं, "मला काळजी वाटतेय." ऐकलं नाही तर, "मला हे बरोबर वाटत नाहीये." तरीही नाही तर, "हा पेशंटच्या सेफ्टीचा प्रश्न आहे, थांबा." आवाज वाढवायची गरज पडत नाही कारण शब्दच वाढत जातात. हे आरशासमोर नाहीतर मैत्रिणीसमोर मोठ्याने बोलून बघा, अगदी खरं सांगते, ऐनवेळी तोंडातून तेच निघतं जे आधी तोंडातून निघालेलं असतं.

ज्युनियर रेसिडेंटसाठी नेहमीचा प्रसंग म्हणजे "जा, कन्सेन्टवर सही घेऊन ये." तुम्ही जाता आणि दिसतं की पेशंटला ऑपरेशन कशाचं आहे तेच कळलेलं नाही. सही घेतली तर कागद पूर्ण होईल पण ती कन्सेन्ट नाही. परत जाऊन सांगायचं, "मॅडम, पेशंटला रिस्क कळलेली नाही आणि त्यांचे दोन प्रश्न आहेत ज्यांची उत्तरं मला देता येत नाहीयेत, तुम्ही पाच मिनिटं येता का?" बहुतेक वेळा सीनियर येतात. नाही आले तर त्यांच्या वरच्यांना विचारा, आणि तुम्ही काय समजावलं, पेशंटने काय विचारलं ते फाइलमध्ये लिहा.

फाइलमध्ये लिहिताना एक पथ्य पाळा, तिथे फक्त दिसलेलं आणि झालेलं लिहायचं. "ड्रेसिंगच्या वेळी वेदनेची चिन्हं, पल्स १३०, डॉक्टरांना कळवलं, अमुक वाजता" हे बरोबर. "डॉक्टर लक्ष देत नाहीत" हे फाइलमध्ये कधीच नाही, त्याने पेशंटचं काही भलं होत नाही आणि खरं म्हणणं मागे पडतं.

नातेवाईक सगळं करा म्हणतायत आणि टीमला वाटतंय की उपयोग नाही, अशा ठिकाणी एक मधला रस्ता असतो तो मीटिंगमध्ये सुचवता येतो. ठरवून एक मुदत घ्यायची, समजा पाच दिवस, आणि आधीच ठरवायचं की काय सुधारलं तर पुढे जायचं आणि काय बिघडलं तर फक्त आराम देण्याकडे वळायचं. त्याने नातेवाईकांना तयारीला वेळ मिळतो आणि बेडजवळच्या माणसाला कळतं की हे अनंत काळ चालणार नाहीये. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करण्यावर काम करणारी टीम असेल तर त्यांना लवकर बोलवा, ते फक्त शेवटच्या दिवशी यायचे लोक नाहीत, वेदना आणि अवघड बोलणी ही त्यांची रोजची कामं आहेत. वाटेतले कायदे आणि हॉस्पिटलचे नियम आपापल्या ठिकाणचे बघून घ्या.

काही वेळा एखादी गोष्ट मनाला अजिबातच पटत नाही आणि ती आपल्या हातून नको असं वाटतं. ते सांगता येतं, पण आधी सांगायचं, ऐनवेळी नाही, आणि दुसऱ्या कोणाकडे पेशंट व्यवस्थित सोपवल्याशिवाय बाजूला व्हायचं नाही. पेशंट मधल्यामध्ये अडकता कामा नये.

त्याच दिवशी, त्याच ड्युटीत

एलिझाबेथ एपस्टाइन आणि ॲन हॅमरिक या नर्सिंगच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये एक गोष्ट मांडली ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. प्रसंग संपला की त्रास उतरतो पण पूर्ण शून्यावर येत नाही, पुराचं पाणी ओसरल्यावर गाळ राहतो तसा थोडा राहतोच, आणि पुढचा प्रसंग त्या गाळावर येतो. म्हणून दहा वर्षं काम केलेल्या सिस्टर एखाद्या साध्या वाटणाऱ्या केसमध्ये अचानक रडतात किंवा एकदम थंड पडतात, आणि नवीन लोकांना कळत नाही की यात एवढं काय होतं. ती केस साधीच होती, मागचं सगळं त्यात आलं.

म्हणून त्याच दिवशी थोडं तरी उपसायचं. पेशंट गेला तर लगेच बेड रिकामा करायची घाई असते, तरी एक मिनिट थांबता येतं. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलमधल्या जोनाथन बार्टल्स या नर्सने ही पद्धत सुरू केली, मृत्यूनंतर टीमने बेडभोवती थांबायचं, कोणीतरी दोन वाक्यं बोलायची की हा माणूस कोणाचा तरी होता आणि आपण सगळ्यांनी प्रयत्न केले, मग थोडा वेळ शांतता. प्रार्थना नाही, भाषण नाही, कोणत्याही धर्माच्या माणसाला चालतं. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, कोणीतरी एकाने पुढाकार घ्यावा लागतो.

घरी जाण्याआधी एका सहकाऱ्याशी बोला, पण बोलणं आणि कढ काढत बसणं यात फरक आहे. त्याच माणसाला रोज तेच शिव्या घालत सांगितलं तर राग ताजा राहतो एवढंच होतं. बोलताना या तीन गोष्टी येऊ द्या, काय झालं, मला कुठे लागलं, आणि उद्या मी काय करणार आहे. ऐकणाऱ्याने "सोड ना, असं होतंच" म्हणू नये प्लीज. "तुला तिथे काय हवं होतं?" एवढं विचारलं तरी पुरतं.

माणसंच कमी असतील तर

दोन व्हेंटिलेटरवरचे पेशंट आणि एक सिस्टर, रात्रभर. इथे संवादकौशल्य वगैरे शिकवणं मला तरी अन्याय वाटतो. इथे अडलेली जागा म्हणजे रोस्टर आणि बजेट आहे आणि ती एकट्याच्या तक्रारीने हलत नाही. एकत्र आणि आकड्यांनी बोलावं लागतं. कोणत्या ड्युटीला किती पेशंट, किती स्टाफ, काय करायचं राहून गेलं, कोणाची पोझिशन बदलायची राहिली, कोणाचं औषध उशिरा गेलं, हे एकाच साध्या फॉर्मवर सगळ्यांनी महिनाभर लिहा आणि इन्चार्जमार्फत वर द्या. "आम्ही दमलोय" याला उत्तर म्हणून वर्कशॉप मिळतं. "या महिन्यात इतक्या वेळा औषध उशिरा गेलं" याला उत्तर द्यावंच लागतं.

त्रास मोजायलाही साधनं आहेत. मॉरल डिस्ट्रेस थर्मामीटर म्हणून एक आहे, शून्य ते दहा, एका मिनिटात होतं. मोठं मोजमाप २०१९ मध्ये आलं, त्यात २७ प्रसंग दिलेत, प्रत्येकाला किती वेळा झालं आणि किती त्रास झाला याचे शून्य ते चार मार्क, दोन्हीचा गुणाकार करून सगळ्याची बेरीज, म्हणजे जास्तीत जास्त ४३२. शेवटी त्यात एक प्रश्न असतो की यामुळे नोकरी सोडायचा विचार करताय का. वॉर्डाने हे नाव न लिहिता भरून दिलं तर कोणत्या प्रसंगाला सगळ्यात जास्त मार्क पडलेत ते दिसतं, आणि मग एकच प्रसंग धरून काम करता येतं. पण भरून घेऊन पुढे काहीच करायचं नसेल तर भरून घेऊच नका, त्याने विश्वास जातो.

इन्चार्ज, एचओडी, मॅट्रन यांच्यासाठी दोन शब्द

तुमच्याकडे कोणी असं काही घेऊन आलं तर पहिल्या मिनिटात सोल्युशन देऊ नका आणि "तुम्ही जरा स्ट्राँग व्हा" तर कधीच म्हणू नका. आलेल्या माणसाचं मन मेलेलं नाही म्हणूनच तो आलाय. त्याला विचारा की तुमच्या मते काय व्हायला हवं, मग ते तुमच्या हातात किती आहे ते स्पष्ट सांगा, आणि कधी कळवणार तो दिवस सांगून त्या दिवशी कळवा, उत्तर नाही असलं तरी. दर आठवड्याला वीस मिनिटांची मीटिंग, जिथे डॉक्टर, नर्स, फिजिओ, वॉर्डबॉय सगळे बसतात आणि एकाच अवघड पेशंटबद्दल बोलतात, हे पैसे न लागणारं काम आहे. तिथे कन्सल्टंटने आधी स्वतः सांगितलं की या केसमध्ये मलाही त्रास होतोय, तर बाकीच्यांची तोंडं उघडतात. ज्याने प्रश्न उपस्थित केला त्याला पुढच्या रोस्टरमध्ये सगळ्या नाइट लागल्या तर मात्र परत कोणी बोलणार नाही, ते लोक बरोबर बघत असतात.

ताकद कशाने वाढते

सिंडा रश्टन या नर्सिंग आणि एथिक्सच्या अमेरिकन प्राध्यापकांनी यावर भरपूर काम केलंय आणि त्या ज्याला मॉरल रेझिलियन्स म्हणतात ते म्हणजे सोसत राहणं नाही, अशा प्रसंगातही स्वतःच्या मूल्यांना धरून राहता येणं किंवा परत त्यांच्याकडे येता येणं. माझ्या बघण्यात ही ताकद त्या लोकांमध्ये दिसते ज्यांनी शांत वेळी ठरवून ठेवलंय की माझ्यासाठी कुठली गोष्ट सोडता येईल आणि कुठली नाही. उदाहरणार्थ, पेशंटशी खोटं बोलणार नाही, वेदना चार्टवर आल्याशिवाय ड्युटी सोडणार नाही. दोन तीनच ठेवा, सगळीच ठेवली तर एकही पाळता येत नाही. आणि जे जमलं तेही त्या चार ओळींच्या खाली लिहा. आजींना ड्रेसिंगआधी औषध मिळालं, रेलिंग धरली नाही. हे छोटं नाही, त्यांच्या दिवसातला सगळ्यात वाईट अर्धा तास बदलला.

इतकं करूनही झोप जात राहिली, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या, ड्युटीला जाताना रडू येतंय, किंवा कशातच काही वाटेनासं झालं, तर काउन्सेलर किंवा सायकियाट्रिस्टकडे जा, आपण इतरांना पाठवतो तसंच. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी, त्याच तासात कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका, आणि औषधांचं कपाट रोज हाताशी असणाऱ्या आपल्यासारख्या लोकांनी तर यात अजिबात वेळ घालवू नये. सहकाऱ्याबद्दल शंका आली तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत.

आणि ट्रान्सफर मागणं किंवा नोकरी सोडणं हाही एक रस्ता आहे, तो पळपुटेपणा नाही. फक्त रागाच्या रात्री निर्णय घेऊ नका. आधीच्या सगळ्या चार चार ओळी समोर ठेवून वाचा. अडलेली जागा प्रत्येक वेळी वेगळी असेल तर कदाचित तुम्ही खूप दमलाय आणि आधी विश्रांती लागेल. प्रत्येक पानावर तीच जागा, तोच माणूस, तोच नियम असेल, तुम्ही बोलून, लिहून, वर जाऊन झालं असेल आणि तरी काही हललं नसेल, तर दुसरी जागा बघा, आणि जाताना ती पानं बघून एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये कारण स्पष्ट शब्दांत नोंदवा.